अब्रू आणि इमान: क्लिंगॉन मूल्यांनी जगलेले एक वर्ष

माझ्या तेरा वर्षांच्या मुलाचा पाय सायकलवरून पडून मोडला आणि दीड महिना तो प्लॅस्टर घालून घरी बसला, तेव्हा रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर त्याच्याशेजारी बसून मी ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळकथेची ‘नेक्स्ट जनरेशन’ ही मालिका पाहू लागले. प्लॅस्टर कापायच्या आदल्या रात्री त्याने मला पायाच्या आतल्या बाजूला स्केचपेनने ओढलेल्या बारीक रेघा दाखवल्या. त्या तेवीस होत्या. ‘उद्या नक्की’ असे मी ज्या ज्या वेळी म्हटले आणि तो उद्या आला नाही, त्या प्रत्येक वेळेची एक रेघ त्याने ओढली होती. तो रागावलेला नव्हता. त्याला केवळ मोजायचे होते, असे तो म्हणाला. माझा व्यवसायच मोजण्याचा आहे. भोसरीतल्या एका कारखान्यात मी सोळा वर्षे गुणवत्ता तपासनीस म्हणून काम करते, आणि माझ्याच घरातली ही मोजणी माझ्या नजरेतून सुटली होती.

त्याच आठवड्यात आम्ही 1992 सालचा एक भाग पाहिला होता. त्यात वर्फ या क्लिंगॉन योद्ध्याचा लहान मुलगा अलेक्झांडर एक खेळणे उचलतो आणि वर खोटे बोलतो. वर्फ त्याला शिक्षा करत नाही, तर दोन भावांच्या झुंजीच्या मूर्तीसमोर नेऊन उभे करतो. केलेस आणि मोराथ हे ते भाऊ. मोराथने दिलेला शब्द मोडला आणि घराण्याला लाज आणली, म्हणून ते बारा दिवस आणि बारा रात्री एकमेकांशी लढले, असे तो मुलाला सांगतो. ही झुंज राज्यासाठी किंवा जमिनीच्या तुकड्यासाठी नव्हती, मोडलेल्या शब्दासाठी होती. त्या रेघा पाहिल्यावर मला हीच गोष्ट आठवली, आणि गुढीपाडव्याला मी मुलासमोर संकल्प केला की पुढच्या पाडव्यापर्यंत मी क्लिंगॉन मूल्यांनी जगून पाहीन.

ज्यांना ही परग्रहावरची काल्पनिक जमात परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. क्लिंगॉन पहिल्यांदा पडद्यावर आले ते मूळ मालिकेत, 1967 साली. लेखक जीन कून यांनी त्यांना निर्माण केले तेव्हा ते शीतयुद्धाच्या काळातले, कावेबाज आणि क्रूर शत्रू होते; त्यांच्या तोंडी सन्मानाची भाषा फारशी नव्हती. कपाळावरच्या हाडांच्या उंचवट्यांनी ओळखू येणारा त्यांचा चेहरा 1979 च्या चित्रपटात आला. ज्या मूल्यांसाठी आज जगभरातले लोक त्यांच्यावर प्रेम करतात ती मूल्ये मुख्यतः 1987 नंतरच्या मालिकांत, मायकेल डॉर्न यांनी साकारलेल्या वर्फच्या निमित्ताने आकाराला आली. वर्फ लहानपणी खिटोमर या वसाहतीवरच्या हल्ल्यात अनाथ झाला आणि रोझेन्को या मानवी दांपत्याने त्याला वाढवले. त्यामुळे आपल्या लोकांच्या चालीरीती त्याला घरात मिळाल्या नाहीत. त्या त्याने शोधून, वाचून, प्रयत्नपूर्वक अंगी बाणवल्या. मला तो सर्वांत जवळचा वाटला तो याच कारणाने. परंपरा बाहेरून शिकणाऱ्या माणसाला ती पाळता येते की नाही, हा माझ्यापुरता कळीचा प्रश्न होता, आणि वर्फकडे पाहून तो सुटल्यासारखा वाटत होता.

अर्थात काय घ्यायचे आणि काय नाही हे आधी ठरवावे लागले. क्लिंगॉन जहाजावर वरिष्ठ भ्याड किंवा नाकर्ता निघाला तर कनिष्ठाने त्याला ठार करून जागा घ्यावी, असा रिवाज आहे. वडिलांचा कलंक मुलांना भोगावा लागतो. घराण्याचे नेतृत्व स्त्रीला खास परवानगीशिवाय करता येत नाही. नवरा मेल्यावर आपले घराणे वाचवण्यासाठी ग्रिल्का नावाच्या स्त्रीला किती उलाढाली कराव्या लागतात, हे ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेतल्या 1994 च्या एका भागात दाखवले आहे. यातले मी काहीच घेतले नाही. मी घेतले ते असे: दिलेला शब्द पाळायचा, बोलायचे ते तोंडावर बोलायचे, आपल्या हातून घडले ते आपले म्हणायचे, आणि रोज शरीराला कसाला लावायचे. वर्फ आपल्या सहकाऱ्यांना ‘मोकबारा’ नावाचा संथ हालचालींचा युद्धव्यायाम शिकवतो, जो ताई ची पाहून बेतलेला आहे. मी त्याऐवजी पहाटे गच्चीवर सूर्यनमस्कार घातले. या शेवटच्या भागाबद्दल अधिक सांगण्यासारखे काही नाही. तो सर्वांत सोपा होता.

शब्दासाठी मी एक वही केली. दिवसभरात मी कोणालाही जे काही ‘करते’ म्हणाले असेन ते रात्री त्यात लिहायचे, पुढे माणूस आणि मुदत लिहायची, आणि पुरे झाले की बरोबरची खूण करायची. पहिल्या आठवड्यात एकेचाळीस नोंदी झाल्या. दिवसाला जवळजवळ सहा वचने मी देत होते आणि त्यांतली निम्मी तर दिल्याचे मला भानही नव्हते. ‘फोन करते’, ‘बघून सांगते’, ‘येऊन जाईन एकदा’, ‘तुमचे पैसे या महिन्यात देते’. आपल्याकडे यांतल्या बऱ्याच वाक्यांना वचन मानतच नाहीत. ती निरोप घेण्याची रीत आहे, हे मला माहीत आहे. परंतु समोरचा माणूस वाट पाहत बसला की ती रीत राहत नाही. संगमनेरला माझे मामा असतात. ‘दिवाळीनंतर दोन दिवस राहायला येते’ असे मी त्यांना सलग चार वर्षे म्हणत आले होते, आणि दर वर्षी मामींनी पलंगावरची चादर बदलून ठेवली होती, हे मला त्या वहीमुळे विचारावेसे वाटले आणि विचारल्यावर कळले.

याच सुमारास मी क्लिंगॉन भाषा शिकू लागले, आणि या वर्षातले सर्वांत उपयोगी साधन मला तिथे मिळाले. ही भाषा खरोखरची आहे. भाषाशास्त्रज्ञ मार्क ओक्रांड यांनी ती 1984 च्या चित्रपटासाठी रचली, 1985 साली तिचा शब्दकोश निघाला, आणि 1992 पासून अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात तिच्यासाठी स्वतंत्र संस्था आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांना अवघड जाणारे तिचे दोन वर्ण आपल्या जिभेवर लहानपणापासून आहेत, कारण तिच्यातला ‘ड’ आपल्या ‘ड’सारखाच मूर्धन्य आहे आणि तिचा ‘स’ म्हणजे आपला ‘ष’, तोही शाळेत गुरुजींनी घोटून घेतलेला मूर्धन्य ‘ष’. वाक्यरचना मात्र उलटी आहे. आधी कर्म, मग क्रियापद, आणि कर्ता शेवटी. ‘भाकरी खाते मी’ अशी. कर्ता वाक्याच्या टोकाला उभा असल्यामुळे त्याला टाळून वाक्य संपवल्याचे समाधान मिळत नाही, असे मला सराव करताना वाटत असे.

पण खरी गंमत प्रत्ययांत होती. क्लिंगॉन क्रियापदाला बोलणाऱ्याची खात्री सांगणारे प्रत्यय लागतात. ‘बेज’ लावला की मी हे निश्चित म्हणून सांगते आहे. ‘लाव’ लावला की मला तसे दिसते, पण खात्री नाही. त्याशिवाय चालू असलेल्या कामासाठी तिच्यात दोन वेगवेगळे प्रत्यय आहेत. ‘ताख’ म्हणजे काम चालू आहे, ते कुठे संपणार हे सांगितलेले नाही. ‘लि’ म्हणजे काम चालू आहे आणि त्याला ठरलेला शेवट आहे, त्या दिशेने ते सरकते आहे. आपण दोन्हीला ‘काम चालू आहे’ म्हणतो, आणि या एका वाक्याच्या आडोशाला किती माणसे किती वर्षे उभी राहतात हे कारखान्यात काम केलेल्या कोणालाही विचारावे. मी वहीत प्रत्येक नोंदीपुढे यांतले अक्षर लिहू लागले. ‘लि’ लिहायचे असेल तर तारीख लिहिणे भाग होते. तारीख लिहिता येत नसेल तर ‘ताख’ लिहून त्या माणसाला दुसऱ्या दिवशी स्पष्ट सांगायचे की हे केव्हा होईल ते मला माहीत नाही, तुम्ही माझ्या भरवशावर राहू नका. तिसऱ्या महिन्यापर्यंत आठवड्याच्या नोंदी एकेचाळीसवरून बारा-तेरावर आल्या. मी कमी बोलू लागले होते, आणि जे बोलत होते ते होत होते.

दुसरे तत्त्व, म्हणजे तोंडावर बोलणे, मी सुरुवातीला फार वाईट रीतीने पाळले. क्लिंगॉन भाषेत ‘नमस्कार’ किंवा ‘कसे आहात’ यासाठी शब्द नाही. भेटल्यावर ते ‘नुकनेख’ म्हणतात, आणि त्याचा शब्दशः अर्थ ‘काय हवे आहे?’ असा आहे. मला हे स्वच्छ आणि प्रामाणिक वाटले. मी आडवळणाने बोलणे बंद केले. जाऊबाईंनी गौरीच्या वेळी केलेल्या खरेदीचा हिशेब लावताना, त्यांनी स्वतःच्या माहेरच्या साड्या त्यात धरल्या आहेत हे मी सर्वांसमोर, सासूबाईंच्या देखत म्हणाले. ते खरे होते. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, त्या आत निघून गेल्या, आणि सासूबाई मला इतकेच म्हणाल्या, “खरं होतं गं, पण तिला आत बोलावून सांगितलं असतंस तर ते खोटं झालं असतं का?” मला उत्तर देता आले नाही.

त्या रात्री मी मालिकेतला 1991 चा एक प्रसंग पुन्हा पाहिला. गायनन नावाची शहाणी स्त्री वर्फला हसवू पाहते. क्लिंगॉन हसत नाहीत, असे तो तिला ऐकवतो. ती म्हणते की क्लिंगॉन भरपूर हसतात, खदखदून हसतात. हसत नाहीस तो तू. हे मी पूर्वी पाहिले होते, पण आता ते माझ्याबद्दल होते. पुस्तकातून परंपरा शिकणारा माणूस तिची कडक बाजू आधी उचलतो, कारण तीच लिहून ठेवलेली असते. तिचा ओलावा घरात वाढलेल्यांनाच ठाऊक असतो. वर्फच्या शेजारी जनरल मार्तोक उभा केला की हा फरक दिसतो. मार्तोक गरीब घरातून वर आलेला, एक डोळा गमावलेला, बंदिवासात रोज मार खाऊनही न मोडलेला योद्धा आहे. तो खातो, गातो, बायकोला घाबरतो, आणि बरोबरच्या माणसाची चूक सांगताना त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. मी दुसऱ्या दिवशी जाऊबाईंच्या घरी गेले आणि बैठकीत, सगळ्यांच्या समोर क्षमा मागितली, कारण अपमानही सगळ्यांच्या समोर केला होता. हिशेबाचे मात्र मागे घेतले नाही. त्यांनीही ते मागितले नाही.

आता या वर्षातली जी गोष्ट मला मनापासून सांगायची आहे ती सांगते.

आमच्याकडे वाहनांच्या गिअरसाठी बिडाच्या हाउसिंगचे मशिनिंग होते. त्यातल्या मुख्य बोअरचे, म्हणजे बेअरिंग बसते त्या भोकाचे, माप 42 मिलिमीटर, वर पंचवीस मायक्रॉनपर्यंत चालते, म्हणजे 42.000 ते 42.025. दर तासाला पाच नग उचलायचे, बोअर गेजने मोजायचे, तक्त्यात आकडे लिहायचे आणि सही करायची, ही रीत आहे. श्रावणातल्या एका शुक्रवारी दुसऱ्या पाळीच्या शेवटच्या दोन तासांचे आकडे मी न मोजता लिहिले. त्या आधीचे सहा तास माप एकसारखे येत होते, गेज दुसऱ्या मशीनवर कोणीतरी नेला होता, आणि माझी बस चुकणार होती. 42.012, 42.014, 42.011, असे खरे वाटतील असे आकडे मी लिहिले. सही केली. घरी आले. वहीत त्या दिवशीचे सगळे शब्द पुरे झाल्याच्या खुणा केल्या आणि झोपले.

त्याच दोन तासांत मशीनवरच्या कंत्राटी मुलाने झिजलेला इन्सर्ट, म्हणजे हत्याराची कापणारी टोकाची वडी, बदलला होता आणि त्यासाठी मशीनमध्ये मापाची दुरुस्ती, म्हणजे ऑफसेट, भरताना एक आकडा चुकवला होता. बोअर 42.04 च्या पुढे गेले. त्या रात्रीचे नग सोमवारच्या लॉटमध्ये गेले, आणि चार दिवसांनी ग्राहकाच्या असेंब्लीवर बेअरिंग सैल बसू लागल्यावर संपूर्ण लॉट परत आला.

बैठकीत साहेबांनी तक्ता टेबलावर ठेवला. माझी सही आणि माझे आकडे पाहून सर्वांचा निष्कर्ष एकच होता: तपासणी झाली तेव्हा माप बरोबर होते, त्यानंतर त्या मुलाने इन्सर्ट बदलला, आणि वेळ त्याने खोटी सांगितली. तो एकोणीस वर्षांचा होता, कंत्राटी होता, आणि भिंतीला टेकून उभा होता. मला कोणी काही विचारलेही नाही. पाच महिन्यांत कारखान्यात माझ्याबद्दल एक बोलणे झाले होते, ‘ताई शब्दाच्या पक्क्या’, आणि ते बोलणेच त्या क्षणी त्या मुलाच्या विरुद्ध पुरावा म्हणून उभे होते.

क्लिंगॉन भाषेत सन्मानासाठी दोन शब्द आहेत. ‘कुव्ह’ म्हणजे माणसाचा मान, त्याची प्रतिष्ठा, चार लोकांतले स्थान. ‘बाट्ल’ त्याहून मोठा आहे. तो माणसाला लोकांकडून मिळत नाही, माणूस त्याच्याशी बांधलेला असतो. मराठीत मी यांना अब्रू आणि इमान म्हणते. 1990 सालच्या ज्या भागामुळे वर्फ माझ्या मनात कायमचा बसला, त्यात त्याच्या मृत वडिलांवर, मोगवर, खिटोमरच्या फितुरीचा आळ येतो. खरा फितूर आळ घेणाऱ्या डुरास या सरदाराचाच बाप असतो, आणि हे क्लिंगॉनांच्या उच्च मंडळाला ठाऊक असते. पण ते उघड झाले तर साम्राज्यात यादवी होईल. वर्फ स्वतःच्या लोकांना यादवीतून आणि धाकट्या भावाला मरणातून वाचवण्यासाठी तो आळ स्वीकारतो. मंडळातला एकेक जण हात छातीशी बांधून त्याच्याकडे पाठ करतो, आणि त्याचा सख्खा भाऊही तेच करतो. त्याने त्या दालनात कुव्ह टाकला आणि बाट्ल राखला. हे सगळे मी मुलाला मोठ्या तन्मयतेने समजावून सांगितले होते. त्या टेबलाशी बसल्यावर मला कळले की पाच महिने मी वहीत जपत होते ती माझी अब्रू होती. तोंडाने दिलेला प्रत्येक शब्द मी लिहीत होते, पण सही हाही शब्दच असतो, आणि दिवसाला वीस-वीस वेळा दिलेला तो शब्द माझ्या वहीत एकदाही आला नव्हता.

मी लगेच बोलले असे म्हणता येणार नाही. क्लिंगॉनमध्ये ‘करायला भीती वाटते’ या अर्थाचा ‘विप’ नावाचा प्रत्यय आहे. व्याकरणाने तो ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांनाही लागतो, पण तसा तो लावणे त्यांच्या समाजात निषिद्ध मानतात. मी तोवर तो निषेध पाळण्याचा प्रयत्न केला होता. त्या दिवशी पाळता आला नाही. मला भीती वाटत होती, नोकरीची, घराच्या हप्त्यांची, त्या खोलीतल्या आठ माणसांच्या नजरेची, आणि ती भीती मी मनात स्वतःशी पूर्ण वाक्यात म्हणाले तेव्हाच मला पुढचे बोलता आले. या एका बाबतीत माझे त्यांच्याशी जमले नाही आणि जमेल असे वाटतही नाही.

मी म्हणाले, “त्या दोन तासांचे आकडे मी मोजलेले नाहीत. गेज जागेवर नव्हता, मी अंदाजाने लिहिले. वेळ तो मुलगा खरी सांगतोय.”

पुढे जे व्हायचे ते झाले. मला लेखी ताकीद मिळाली, त्या वर्षीची वेतनवाढ थांबली, आणि तीन महिने अंतिम तपासणीवरून काढून कच्च्या मालाच्या आवकेवर बसवले. ते योग्यच होते. मला अवघड गेले ते दुसरेच. माझ्या कबुलीनंतर सगळ्या पाळ्यांचे तक्ते जुन्या तारखांपासून तपासायला काढले गेले आणि इतर तपासनीसांनाही उत्तरे द्यावी लागली. कॅन्टीनमध्ये ज्या टेबलावर आम्ही सोळा वर्षे डबे उघडत होतो तिथे माझ्यासाठी जागा उरेनाशी झाली. कोणी भांडले नाही. माझी सर्वांत जुनी मैत्रीण एवढेच म्हणाली, “तुझं तू सांगितलंस ते चांगलं केलंस, पण आमचं पण सांगितलंस की गं.” तिचे म्हणणे खोटे नव्हते. त्यावर मी अजून विचार करते आहे. वर्फने आळ घेतला तेव्हा इतरांना वाचवण्यासाठी तो गप्प राहिला. मी बोलले, आणि माझ्या बोलण्याने इतर उघडे पडले. दोन्हींना एकाच मूल्याचे नाव देता येईल का, हे मला सांगता येत नाही. त्या मुलाला मात्र एकट्याला भिंतीशी उभे ठेवता आले नसते, इतके मला ठाऊक आहे.

आणि त्याला वाचवले असेही मी म्हणू शकत नाही. दिवाळीनंतर त्याचे कंत्राट वाढवले नाही. कारण दुसरेच सांगितले गेले. तेव्हा मला फार राग आला आणि मी वरिष्ठांकडे जाऊन बोलले. 1994 च्या एका भागात वर्फ आपल्या हाताखालच्या सिटो या तरुण अधिकाऱ्याला डोळ्यांवर पट्टी बांधून लढायला लावतो, पुन्हा पुन्हा पाडतो, आणि शेवटी ती ‘ही परीक्षाच अन्यायाची आहे’ असे म्हणून पट्टी काढते, तेव्हा सांगतो की अशी कोणतीही परीक्षा मुळात नव्हती. अन्यायाने तोलले जाताना हरकत घ्यायला तिने शिकावे, एवढ्यासाठी हे होते. मी हरकत घेतली. ती ऐकून घेतली गेली आणि काही बदलले नाही.

त्यानंतरचे दोन महिने मी वही लिहिली, पण मन लागत नव्हते. ज्या संस्कृतीला मी प्रमाण मानले होते तिच्या आतली कीड मला आता अधिक दिसू लागली. 1999 च्या एका भागात एझ्री डॅक्स ही मैत्रीण वर्फला सरळ सांगते की क्लिंगॉन साम्राज्य मरते आहे आणि कदाचित ते मरण त्याच्या लायकीचेच आहे, कारण सन्मानाचा घोष करणारा हा समाज वरच्यांचा भ्रष्टपणा पिढ्यान्‌पिढ्या चालवून घेत आला आहे. आणि वर्फसारखा माणूसही तो चालवून घेणार असेल तर आशा कसली. हे ऐकून घेण्याची ताकद वर्फमध्ये आहे, म्हणून तो मला आजही मोठा वाटतो. त्याहून मला आधार दिला तो 2003 च्या एका भागातल्या कोलोस नावाच्या म्हाताऱ्या क्लिंगॉन वकिलाने. तो मानवी कप्तानाला विचारतो की तुम्हाला काय वाटले, सगळे क्लिंगॉन सैनिकच असतात? त्याचे वडील शिक्षक होते आणि आई विद्यापीठात जीवशास्त्रज्ञ. पूर्वी न्यायालयात लढून जिंकण्यातही सन्मान होता. मग हत्यारवाल्यांनी सगळे ताब्यात घेतले आणि तरुणांना हत्याराशिवाय दुसरा सन्मान दिसेनासा झाला, असे तो खंतावून सांगतो. हा भाग मी तीनदा पाहिला. माझ्या हातात गेज आहे, आणि कोलोसच्या आईच्या हातातही तलवार नव्हती.

मार्गशीर्षात मी संगमनेरला जाऊन मामांकडे दोन दिवस राहिले. वहीच्या पहिल्या पानावरची ती नोंद होती.

‘नेक्स्ट जनरेशन’मध्ये 1989 चा एक भाग आहे, ज्यात वर्फच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेत एक स्त्री मरण पावते आणि तिचा मुलगा पोरका होतो. वर्फचा त्यात अपराध नसतो, तरी तो त्या मुलाला मेणबत्त्या लावून, विधिपूर्वक आपला भाऊ करून घेतो. माझ्या बाबतीत तर अपराध माझा होता. मी त्या कंत्राटी मुलाचा पत्ता काढून त्याच्या खोलीवर गेले आणि विचारले की ड्रॉइंग वाचायला, ऑफसेट काढायला, गेज शून्यावर लावायला शिकायचे आहे का. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “ताई, रविवारी येऊ?”

तेव्हापासून तो दर रविवारी सकाळी आमच्या घरी येतो. माझा एक जुना मायक्रोमीटर आणि व्हर्नियर आहे, दोन बाद झालेले नग मी रीतसर परवानगी घेऊन आणले आहेत. माझा मुलगाही आमच्याबरोबर बसतो. जाताना माझा मुलगा त्याला ‘कप्ला’ म्हणतो, म्हणजे यश असो, आणि तोही आता बिनचूक उत्तर देतो. माघात त्याला चाकणला एका कारखान्यात काम मिळाले. तरीही येणे थांबलेले नाही, कारण टॉलरन्सची, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकांची, बेरीज अजून शिकायची राहिली आहे.

पाडव्याला मी वही मोजली. पुऱ्या न झालेल्या नोंदी सात होत्या. त्यांतल्या पाच जणांना त्याच दिवशी फोन करून सांगितले की हे माझ्याने झालेले नाही. सहावी नोंद जुन्या मैत्रिणीची आहे, तिच्या नावापुढे मी ‘ताख’ लिहून ठेवले आहे. सातवीपुढे तारीख घातली, नवी वही काढली, आणि या वेळी तिच्या उजव्या बाजूला सह्यांसाठी एक रकाना आखला.